बिनखोक्याचा मिक्सर

अण्णा यायचे होते त्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माळ्यावरचा पाटा खाली काढायला लावला.

पाटा किती वर्षं वर पडून होता कुणास ठाऊक. ह्यांनी तो स्टुलावर चढून उतरवला, मी नारळाच्या शेंडीनं घासून धुतला, आणि सासूबाई वरवंटा घेऊन बसल्या. बसल्या त्याही स्वयंपाकघरात नाही, सोप्यात, बाहेरून येणाऱ्याची नजर पहिल्यांदा पडेल अशा जागी. वाटायला घेतली ओल्या खोबऱ्याची चटणी.

"आत्या, द्या की, मी वाटते. खांदा दुखेल तुमचा," मी म्हटलं. आमच्या बाजूला सासूला आत्याच म्हणतात.

"दुखू दे. घरातला मिक्सर जळलाय म्हटल्यावर वाटायला नको का कुणी? आणि तुझ्या अण्णांना दिसू दे की, त्यांच्या लेकीच्या घरात कसं चाललंय ते."

खरं तर पाट्यावर लेक बसलेली दिसली असती तर अण्णांना जास्त लागलं असतं. पण तेवढा डाव आत्यांना सुचला नव्हता आणि मी सुचवणार नव्हते.

ह्या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. तेव्हा माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. सासर जयसिंगपूरचं, माहेर इचलकरंजीचं, मधे एस.टी.चा थोडका रस्ता. घरात आम्ही तिघंच. सासरे ह्यांच्या लहानपणीच गेलेले. आत्यांनी शिवणकाम करून ह्यांना आणि सुनंदा वन्संना वाढवलं होतं. हे हायस्कुलात क्लार्क. स्वभावानं गरीब, म्हणजे आईपुढेही गरीब आणि माझ्यापुढेही गरीब. असा नवरा सुरुवातीला फार बरा वाटतो.

अण्णांचं इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान. गावात मागांची खडखड रात्रंदिवस, त्यामुळे मागांच्या मोटरी जळायच्या आणि अण्णांकडे यायच्या. जळलेली तार उपसून काढायची, नवी कॉइल भरायची, मोटर चालू करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. मी दहाव्या वर्षापासून कॉइल गुंडाळायला बसायचे. वेढे मोजायला मुलींची बोटं बरी, असं अण्णा सांगायचे. माणूस ठेवणं परवडत नव्हतं, हे ते सांगत नसत. दुरुस्त होणारी वस्तू कुणी टाकायला निघालं की त्यांना राग यायचा. गिऱ्हाईक म्हणालं, "जाऊ दे, नवीनच घेतो," की हे म्हणायचे, "घ्या की. पण हिचं काय चुकलं ते तरी ऐकून जावा." निम्मी गिऱ्हाइकं ऐकून घ्यायला थांबायची आणि दुरुस्त करून न्यायची.

माझ्या रुखवतातला मिक्सर अण्णांनी असाच उभा केला होता. एका खानावळीनं भंगारात काढलेला, जुन्या काळचा, जड बुडाचा. त्यात त्यांनी जाड तारेची कॉइल भरली, बेअरिंग बदलली, भांड्यांना नवी पाती बसवली आणि बाहेरून मोतिया रंग दिला. दुकानातल्या नव्यापेक्षा तो दुप्पट चालेल अशी त्यांची खात्री होती, माझीही होती. फक्त त्याला खोका नव्हता.

रुखवत बघताना आत्यांनी पहिला प्रश्न तोच केला होता. "खोका कुठाय ह्याचा? आणि गॅरंटी कार्ड?"

अण्णा हात जोडून म्हणाले होते, "गॅरंटी माझी, विहीणबाई."

पाच महिने त्या मिक्सरनं कुरकुर केली नाही. इडलीचं पीठ लोण्यासारखं होतं हे आत्याही कबूल करायच्या. पण कबूल करून झालं की लगेच सुनंदा वन्संचा फूड प्रोसेसर निघायचा. तो कणीक मळतो, तो काकडी चिरतो, तो गाजर किसतो. आदल्या दिवाळीत वन्संच्या सासरच्यांनी तो मागितला होता आणि आत्यांनी हातातली पाटली मोडून दिला होता. आपण दिलेलं कुठून तरी परत यावं असं माणसाला वाटतं, ते मला तेव्हाही कळत होतं. ते माझ्या बापाकडून यावं, एवढंच पटत नव्हतं.

त्यात त्या वर्षी अधिक महिना आला. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवायचं, जेवू घालायचं, तेहतीस अनारसे द्यायचे आणि वर यथाशक्ती वाण. ह्या यथाशक्तीत काय बसतं ते बहुतेक वेळा मुलाकडचे ठरवतात. अण्णा आमंत्रणाला येणार असा निरोप आला, आणि बरोबर त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्यांनी दाण्याच्या कुटासाठी बटण फिरवलं तर मिक्सर ढिम्म हलला नाही.

मी तो उघडून बघणार होते. लग्नात मी साड्यांच्या खाली माझी हत्यारांची डबी घालून आणली होती. पण मी डबी काढायच्या आत ह्यांनी मिक्सर पिशवीत घातला आणि स्टँडजवळच्या दुकानात नेला. एरवी सांगितलेलं काम चार दिवस न करणारा माणूस, तासाभरात जाऊन परत आला.

"कॉइल जळली म्हणतोय. दुरुस्त करण्यात काही अर्थ नाही, नवीनच घ्या म्हणाला."

"तुम्ही बघितलीत?"

"त्यानं बघितली. मला काय कळतंय त्यातलं?"

मी मिक्सरच्या बुडाला नाक लावलं. जळलेल्या कॉइलचा वास मी झोपेतही ओळखेन. माहेरी आमच्या कपड्यांनासुद्धा तो असायचा. इथं नुसता लसणाचा वास होता.

"ही जळलेली नाही. मी उघडते."

"काही नको," आत्या म्हणाल्या. "सुनेनं पकडी घेऊन बसायचं आणि शेजाऱ्यांनी खिडकीतून बघायचं. राहू दे तसाच. तुझे अण्णा येणारच आहेत. त्यांच्या गॅरंटीचं काय झालं ते त्यांना बघू दे. मग वाणाचं काय ते तेच समजून घेतील, मला तोंडानं मागायला लागणार नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पेपर वाचत होते.

दुपारी आत्यांचा डोळा लागला की पाच मिनिटांत उघडता आला असता. पण मी मुद्दाम हात लावला नाही. गुपचूप दुरुस्त केला असता तर आपोआप चालू झाला म्हणाले असते, आणि लेकीला भंगारातला मिक्सर दिला हे बोलणं अण्णांना बसायचं ते बसलंच असतं. मला तो सगळ्यांच्या देखत उघडायचा होता. दुकानदार खोटं बोलला आणि माझ्या बापाची कॉइल शाबूत आहे, हे आत्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं होतं. आठ दिवस मी त्या घटकेची वाट बघत होते, आणि खरं सांगायचं तर मजेत बघत होते.

अण्णा दहाच्या एस.टी.नं आले. पांढरा लेंगा, इस्त्रीचा शर्ट, ठेवणीतली टोपी, हातात आंब्यांची पिशवी. दुकानात ऐसपैस मांडी ठोकून बसणारा माणूस, माझ्या सासरी मात्र खुर्चीच्या कडेवर बसायचा. मी पाणी दिलं. त्यांनी पाट्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

"विहीणबाई, पुढच्या रविवारी धोंड्याचं जेवण करायचं म्हणतोय. जावईबापूंना आणि वैजूला पाठवा. तुम्हीपण या."

"येऊ की." आत्यांनी वरवंटा थांबवला नाही. "एवढं वाटण संपू दे. काय करायचं अण्णा, मिक्सर जळला."

"जळला?"

"आठ दिवस झाले. कॉइल जळली म्हणे."

"माझी कॉइल?" अण्णा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवून नाही म्हटलं. पण त्यांना ती खूण कळली की नाही, कुणास ठाऊक.

"तुम्ही दिलेली म्हणजे तुमचीच. आमचं मागणं काही नाही. पण पाच माणसांत दिलेली वस्तू वर्षभर तरी टिकायला हवी का नको? खोका नव्हता तरी आम्ही गप्प बसलो. माणसाच्या शब्दावर बसलो. सुनंदाला आम्ही दिला तो फूड प्रोसेसर खोक्यातला दिला, कार्डावर शिक्का मारून दिला."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मोटर जळली म्हणून दुकानात लोक त्यांच्याशी भांडायचे तेव्हा ते आवाज चढवून भांडायचे. इथं त्यांना भांडता येत नव्हतं.

"आणा बघू इकडं, बघतो मी," ते म्हणाले.

"तुम्ही पाहुणे. आमंत्रणाला येऊन कुणी दुरुस्त्या करत बसतं का? उदय, दाखव त्यांना नुसता."

"दुकानदारानं बघितलाय की," हे म्हणाले. "आता काय बघायचं? जळलाय तो जळलाय." आणि जागचे हलले नाहीत.

मी आत गेले. मिक्सर उचलून आणला, हत्यारांची डबी आणली, आणि पाट्याच्या पलीकडे, आत्यांच्या समोरच फरशीवर बसले.

"वैजयंता, ठेव ते आत," आत्या म्हणाल्या.

"नाही ठेवत. अण्णांनी कार्ड दिलं नव्हतं, शब्द दिला होता. तो खोटा ठरला म्हणताय ना? मग उघडून ठरवू. झाकून कशाला ठरवायचं?"

"बापासमोर, नवऱ्यासमोर मांडी घालून बसलीस."

"मांडी घातल्याशिवाय पेचकसाला जोर येत नाही, आत्या."

अण्णा खुर्चीवरून म्हणाले, "वैजू, असू दे." मी ऐकलं नाही. मिक्सर उलटा करून आत्यांच्या नाकापुढे धरला. "वास घ्या. कॉइल जळली की महिनाभर त्याचा घाण वास जात नाही. येतोय कसला?" आत्यांनी नाक मुरडलं, पण वास घेतला. वरवंटा मात्र थांबला.

आता कॉइल जळलेली नाही म्हटल्यावर राहतो कार्बन. त्या जुन्या मिक्सरच्या दोन्ही अंगांना स्क्रूसारखी फिरवून बसवायची, आट्याची दोन काळी टोपणं होती, चार आण्याच्या नाण्याएवढी. टोपणाच्या आत पितळी नळी, नळीत कार्बनची छोटी कांडी आणि तिच्या मागं स्प्रिंग. ह्या दोन कांड्यांतून मोटरला वीज पोचते. एखादी स्प्रिंग अडकली असणार, असं मी धरून चालले होते. पाच मिनिटांचं काम. पुढं दुकानदाराला काय काय बोलायचं तेही मी मनात जुळवून ठेवलं होतं.

पहिलं टोपण काढलं. नळी रिकामी.

दुसरं काढलं. तीही रिकामी.

कार्बन झिजतो, पण झिजला तरी तुकडा राहतो. स्प्रिंग तर झिजतही नाही. इथं तुकडा नव्हता, स्प्रिंग नव्हती, आणि टोपणं मात्र आट्यात नीट बसवून घट्ट केलेली. चोर दुकानदार, असा विचार आला आणि पुरा व्हायच्या आत मोडला. मिक्सर आधी बंद पडला होता. दुकानात गेला नंतर.

त्या घरात ही टोपणं कशाची ते दोनच माणसांना माहीत होतं. एक मी. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात एका रविवारी आत्या देवळात गेल्या होत्या, तेव्हा ह्यांनी कौतुकानं विचारलं होतं, तुला खरंच हे येतं? मग मी मिक्सर पुढ्यात घेऊन त्यांना शिकवलं. टोपण कसं फिरवायचं, कार्बन कसा ओढायचा, स्प्रिंग सुटते म्हणून अंगठा कुठं ठेवायचा. त्यांच्याच हातानं काढायला लावला आणि घालायला लावला. जमलं तेव्हा ते हसले होते. नवरा-बायकोत बोलणं सुरू व्हायला काहीतरी लागतं, आमचं त्या दोन कांड्यांवरून सुरू झालं होतं.

मी वर बघितलं. हे पाट्यावरच्या चटणीकडे बघत बसले होते. कानांच्या पाळ्या लाल.

अण्णा खुर्चीतून उठून माझ्याजवळ वाकले. त्यांनी नळीत बघितलं, टोपण हातात घेतलं, खाचेवरून अंगठा फिरवला. खाचेत ताजा ओरखडा होता. पेचकस मापाचा नसला की असा ओरखडा पडतो. आयुष्यभर मोटरी उघडलेल्या माणसाला आणखी काही सांगायला लागत नाही. त्यांनी जावयाकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे मला दिसलं.

"टोपण लाव, वैजू," ते हळू म्हणाले. मग आत्यांकडे वळून त्यांनी हात जोडले. "माझंच चुकलं, विहीणबाई. जुना माल, किती दिवस चालणार? धोंड्याला फूड प्रोसेसर देतो. खोक्यातला देतो."

हे अण्णा बोलत होते. कॉइल शाबूत आहे, मिक्सरला काही झालेलं नाही, सगळं कळून बोलत होते. अख्ख्या जन्मात ज्या माणसानं कुणाला नवीन घ्या म्हणून सांगितलं नव्हतं, तो स्वतःचं काम स्वतःच्या तोंडानं भंगारात काढत होता, आणि ते माझ्यासाठी काढत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी करून ठेवलं होतं. मी गप्प बसून टोपण लावलं असतं तर सगळ्यांचं सगळं ठीक होतं. आत्यांना फूड प्रोसेसर मिळत होता, ह्यांची अब्रू राहत होती, माझा संसार राहत होता. फक्त अण्णा खोटे ठरून एस.टी.त बसणार होते, आणि खोटे नाहीत हे ठाऊक असलेली, अण्णा धरून, तीन माणसं गप्प राहणार होती. त्यातली एक मी.

मला राग आला. असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं तेही रागाचंच होतं.

मी ह्यांच्यापुढे तळहात पसरला.

"आणा," मी म्हटलं.

"काय?"

"तुम्हांला माहितेय काय ते. आणा."

"वैजू," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुम्ही बसा. पाठ टेकून बसा."

"काय आणायचंय?" आत्या एकदा माझ्याकडे, एकदा लेकाकडे बघत होत्या. "उदय, काय म्हणतेय ही?"

मी हात मागं घेतला नाही. हात दुखायला लागला तरी घेतला नाही. बाहेरून कुल्फीवाला घंटा वाजवत गेला, पार वळणापर्यंत गेलेला ऐकू आला. मनात एकच होतं, ह्यांनी आता "कशाचं काय" म्हटलं, तर मी अण्णांबरोबर एस.टी.त बसणार, आणि परत यायचं की नाही ते बसल्यावर ठरवणार. हे मी बोलून दाखवलं नाही. पण माझ्या तोंडावर ते वाचता येत असावं, कारण हे उठले.

आत कपाटाचं दार वाजलं. परत आले ते दाढीच्या सामानाचा डबा घेऊन. ब्रशच्या खालून त्यांनी कागदाची पुडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पुडीत दोन कार्बन आणि दोन स्प्रिंगा. कार्बन झिजलेले सुद्धा नव्हते.

"हे काय?" आत्या म्हणाल्या. मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "उदय, मी विचारतेय. हे काय आहे?"

"मिक्सरचं आहे. मी काढलेलं." ह्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "तू रोज त्या फूड प्रोसेसरचं काढायचीस. मला वाटलं, हा बंद पडला की ते आपणहून देतील. तू मागायला नको, हिच्याशी वाद नको. दुकानात मी गेलोच नव्हतो. स्टँडवर बसून चहा पिऊन आलो."

आत्यांचा हात चटणीत भरला होता. तो तसाच मांडीवर पडला, लुगड्याला चटणी लागली, तरी त्यांना कळलं नाही. "मला हवा होता," त्या म्हणाल्या. "सुनंदाला दिला, मला नको? पण मी मागून घेतला असता, तोंडानं मागितला असता. खोटं कर म्हणून तुला कुणी सांगितलं होतं? व्याह्यांसमोर मी आता कुठं तोंड लपवू?"

आठ दिवसांपूर्वी त्यांनाच तोंडानं मागायचं नव्हतं, ह्याची मी आठवण करून दिली नाही. एका दिवशी एकाची खरडपट्टी पुरे. आणि त्या रडायला लागल्या होत्या.

मी पुडी ह्यांच्याकडे परत केली. पेचकसही दिला.

"बसवा."

"मी?"

"मला काय कळतंय त्यातलं, म्हणाला होतात ना? कळतंय तुम्हांला. मीच शिकवलंय. बसवा."

नव्या इस्त्रीच्या पँटीनिशी हे फरशीवर बसले. पहिलाच कार्बन घालताना स्प्रिंग निसटली आणि टुणकन उडून पाट्याखाली गेली. हे गुडघ्यांवर रांगून ती काढू लागले. मला हसू आलं नाही. दुसऱ्यांदाही ती निसटणार असं दिसलं, तेव्हा अण्णांना राहवलं नाही.

"अंगठ्यानं दाबून धरा, जावईबापू," ते म्हणाले. "आणि टोपण सरळ फिरवा. तिरकं गेलं की आटा मरतो."

हे "हो" म्हणाले आणि त्यांनी सरळ फिरवलं.

मी वायर लावली, बटण फिरवलं. मिक्सर पहिल्या झटक्याला चालू झाला. रिकामा मिक्सर चालवू नये हे मला कळत होतं, तरी मी तो मिनिटभर तसाच चालू ठेवला. त्या मिनिटात कुणाला काही बोलता येत नव्हतं, आणि कुणी बोलावं असं मला वाटतही नव्हतं. मग बंद केला, पाट्यावरची अर्धी वाटलेली चटणी भांड्यात भरली, आणि दोनदा फिरवून आत्यांपुढे ठेवली.

"अण्णा," मी म्हटलं, "धोंड्याला आम्ही दोघं येतो. तेहतीस अनारसे करा. त्याच्यावर एक जरी वस्तू ताटात ठेवलीत तर मी ती तिथंच ठेवून येईन. आणि माझंच चुकलं, असं पुन्हा म्हणायचं नाही. तुमचं काही चुकलेलं नाही."

अण्णांनी टोपी घातली. आत्या त्यांना जेवून जा म्हणाल्या, खरोखरीचा आग्रह केला. पण ते थांबले नाहीत. मी त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला गेले. वाटेत ते मिक्सरबद्दल काही बोलले नाहीत. एस.टी.त चढताना एवढंच म्हणाले, "जास्त ताणू नकोस. तारच आहे, तुटते." मी म्हटलं, "तुमच्या हातची आहे, जाड गेजची." तेव्हा ते हसले.

घरी आत्या माझ्याशी दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागल्या. उलट जरा जपूनच बोलायला लागल्या, त्याचं मला अवघडल्यासारखं व्हायचं. हे मात्र बोलेनात. जेवायला वाढलं की जेवायचे, ऑफिसला जायचे, आल्यावर रेडिओ लावून बसायचे. मीही बोलले नाही. आपण होऊन काही म्हणायची पाळी माझी नव्हती, आणि ती मी माझ्यावर ओढवून घेणार नव्हते.

पाचव्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"अण्णांना कळलं होतं का गं?"

"काय?"

"मी काढलेत ते."

"टोपण हातात घेतल्याबरोबर."

ते चौकटीला टेकले. मग म्हणाले, "कळलं होतं, तर मग नवीन द्यायला का तयार झाले?"

मी डब्याचं झाकण लावलं. "मुलगी दिलीय ना तुम्हांला," मी म्हटलं.

त्यांनी डबा घेतला नाही. चप्पल घातली आणि गेले. दुपारी हायस्कुलातला शिपाई, आज साहेब का आले नाहीत, म्हणून विचारायला आला, तेव्हा मला कळलं की हे ऑफिसला गेलेच नाहीत. आत्या घाबरल्या. मी वरवर घाबरले नाही असं दाखवलं.

दिवेलागणीला हे परत आले. इचलकरंजीला गेले होते म्हणाले, एकटेच. तिथं अण्णांशी काय बोलणं झालं ते त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही, अण्णांनीही पुढं कधी सांगितलं नाही, आणि मी दोघांनाही विचारलं नाही. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. दोन्ही हात मनगटापर्यंत काळे, नखांत ग्रीस, उजव्या अंगठ्याला तारेनं कापल्याची रेघ.

आत्या ते हात बघून थक्क झाल्या. "अगं बाई, जावयाला असं राबवतात का कुठं?"

"शिकाऊ माणसाला राबवतातच, आत्या," मी म्हटलं, आणि ह्यांच्यापुढे रॉकेलची बाटली ठेवली, कारण ते ग्रीस नुसत्या साबणानं निघत नाही.